पिंगळीचे दप्तर: बस्त्यापासून क्लाउडपर्यंत

पिंगळी हे परभणी तालुक्यातील गाव. परभणी-पूर्णा लोहमार्गावर गावाच्या नावाचे स्टेशन आहे, आणि गावातील जुनी बारव मराठवाड्यातील बारवांच्या अभ्यासकांना परिचित आहे. जमीन, पाणी, वसुली, रस्ता, शाळा ही गावातील कामे एकट्याने होत नाहीत. काम कोणते, ते कोणाकडे, कधीपर्यंत करायचे आणि कुठवर आले, या चार गोष्टी कुठेतरी लिहून ठेवाव्या लागतात. ट्रेलो, जिरा, असाना, झोहो प्रोजेक्ट्स ही क्लाउडवर चालणारी प्रकल्प-व्यवस्थापनाची साधने हेच काम करतात. गावात हे काम दप्तराने केले. त्याचे रूप राज्यागणिक बदलले आणि अखेर तेही क्लाउडवर गेले. अशा कोणत्याही साधनाची पारख तीन प्रश्नांवर होते: नोंद लिहिण्याचा अधिकार कोणाचा, ती पाहण्याची मुभा कोणाला, आणि मूळ प्रत कोणाच्या ताब्यात. पिंगळी ज्या मुलखात आहे तेथील दप्तराचा इतिहास याच तीन प्रश्नांच्या आधारे मांडता येतो.

बलुते, गोत आणि महजर

गोदावरी खोऱ्यातील लेखनव्यवहाराची ठळक परंपरा यादवकाळापासून दिसते. देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या कारकिर्दीत, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा श्रीकरणाधिप म्हणजे राज्याच्या लेखनविभागाचा प्रमुख होता. हिशेब कसे ठेवावेत, पत्रे कोणत्या नमुन्यात लिहावीत याचे नियम सांगणारी ‘मेस्तके’ पुढील काळात त्याच्या नावावर सांगितली गेली. मोडी लिपीचा कर्ताही परंपरा त्यालाच मानते. या श्रेयाबद्दल अभ्यासकांत मतभेद असले, तरी ठराविक नमुन्यात नोंद ठेवण्याची शिस्त या मुलखात जुनी आहे हे त्यातून दिसते.

गावाच्या पातळीवर बहुतेक काम मात्र न लिहिताच चाले. बलुतेदारीत प्रत्येक कामाला माणूस ठरलेला होता. औते सुताराने भरायची, फाळ लोहाराने शेवटायचा, मडकी कुंभाराने द्यायची, सांगावा महाराने पोहोचवायचा. मोबदला सुगीत खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळे. कोणाचे काम कोणते याची यादी करण्याची गरज नव्हती, कारण ती जन्माने ठरलेली होती. या व्यवस्थेची सोय आणि तिचा अन्याय दोन्ही एकाच गोष्टीत होते: काम बदलून मागण्याची वाट कोणालाही नव्हती, आणि सर्वांत कष्टाची व हलकी मानलेली कामे करणाऱ्यांना ती नाकारताही येत नसत.

वाद झाला की लेखन पुढे येई. वतनाचा किंवा शिवेचा तंटा गोतसभेपुढे जाई. पाटील, कुलकर्णी, परगण्याचे देशमुख-देशपांडे आणि बलुतेदार एकत्र बसून निवाडा करीत व त्याचा महजर लिहीत. महजरावर हजर असणाऱ्यांची नावे येत, आणि ज्यांना लिहिता येत नसे ते आपल्या कामाची निशाणी करीत. कुणबी नांगर काढी, लिहिणारा लेखणी. निर्णय सर्वांसमोर झाला आणि तो सर्वांना बांधतो, याचा तो पुरावा होता. पाहण्याची मुभा तेथे बरीच मोकळी होती, लिहिण्याचा अधिकार मात्र कुलकर्ण्याकडे एकवटला होता.

मोगल काळात हा भाग वऱ्हाड सुभ्यातील पाथरी सरकारात मोडत असे. ‘आईन-इ-अकबरी’त पाथरी सरकारची नोंद आहे. सुभा, सरकार, परगणा, गाव अशी उतरंड बसली. गावचा आकडा परगण्यात, परगण्याचा सरकारात असा वर चढू लागला. खालची नोंद मराठीत आणि वरची फारसीत, ही दुभाषी रचना पुढे दीर्घकाळ टिकली.

निजामी राज्यातील पटवारी

1724मध्ये निजाम-उल-मुल्कने दख्खनेत आपली सत्ता स्थिर केल्यानंतर परभणीचा मुलूख हैदराबाद राज्याच्या कक्षेत आला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत येथील वसुली मोठ्या प्रमाणावर मक्त्याने दिली जाई. मक्तेदार ठरलेली रक्कम सरकारात भरे आणि रयतेकडून जमेल तितकी वसूल करी. अशा व्यवस्थेत शेतवार नोंदीची सरकारला फारशी गरज नसते. तिला लागतो तो एकच आकडा, मक्त्याचा.

1853मध्ये पहिला सालारजंग दिवाण झाला आणि ही घडी बदलू लागली. 1865मध्ये जिल्हाबंदी झाली. जिल्ह्यावर तालुकदार, तालुक्यावर तहसीलदार आणि त्यांच्या हाताखाली गिरदावर अशी पगारी नोकरांची साखळी उभी राहिली. मराठवाड्यात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी झाली. शेतांना सर्व्हे नंबर पडले, जमिनीची प्रत ठरली आणि त्यावर आकार बसला. या मोजणीची ‘सेतवार’ ही नोंद मराठवाड्यातील जमिनीच्या दाव्यांत आजही शोधली जाते. 1317 फसलीच्या, म्हणजे इसवी सन 1907-08च्या सुमाराच्या, हैदराबाद जमीन महसूल कायद्याने या सगळ्याला एकसंध कायदेशीर चौकट दिली. हैदराबादच्या फसली सनात साधारण 590 मिळवले की इसवी सन मिळतो. जुनी कागदपत्रे वाचणाऱ्याला हा हिशेब आजही करावा लागतो.

गावात माली पटेल वसुली पाही, पोलीस पटेल बंदोबस्त पाही, आणि लेखणी पटवाऱ्याच्या हाती असे. ही पदे वंशपरंपरेची होती. पटवारी वर्षभराच्या हंगामाप्रमाणे काम करी: पेरणीनंतर पाहणी, मग पिकांची नोंद, सुगीनंतर वसुली, शेवटी तालुक्याला जाऊन जमाबंदी. गिरदावर मधूनमधून येऊन नोंद तपासे. कामाचे टप्पे, प्रत्येक टप्प्याची मुदत, करणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा, हे सारे तेव्हाच ठरून गेले होते.

दोष ताब्यात होता. दप्तर कापडी बस्त्यात बांधून पटवाऱ्याच्या घरी असे. गावपातळीवरचे लेखन मराठीत, बहुधा मोडीत; तहसिलीचा कारभार आधी फारसीत आणि 1880च्या दशकापासून उर्दूत. शेतकऱ्याला मोडी येत नसे, आणि उर्दू येणारे गावात मोजकेच असत. आपल्या नावावर किती जमीन आहे, किती बाकी दाखवली आहे, हे पटवारी सांगेल तेवढेच त्याला कळे. पटवारी कर्तबगार असला तर दप्तर चोख राही. त्याची मर्जी फिरली तर बस्ता सुटतच नसे. तेलंगण आणि मराठवाडा या दोन्ही भागांत वतनदार पटेल-पटवाऱ्यांविषयी रयतेत जो रोष साठला, त्यामागे नोंदीवरचा हा एकहाती ताबा हे मोठे कारण होते.

स्टेशनवरची वही

याच काळात या पट्ट्यात सामूहिक कामाच्या नोंदीची एक निराळी पद्धत आली आणि ती रेल्वेने आणली. हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेचा मनमाडपासून हैदराबादपर्यंतचा 391 मैलांचा मीटरगेज मार्ग 1899 ते 1901 या काळात टप्प्याटप्प्याने सुरू झाला. जालना, सेलू, परभणी, पूर्णा, नांदेड ही गावे त्याने जोडली. परभणी आणि पूर्णा यांच्यामधले पिंगळी स्टेशन याच मार्गावरचे.

एकेरी मार्गावर दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी असली पाहिजे. त्यासाठी गाडी सोडणाऱ्या स्टेशनमास्तरला पुढच्या स्टेशनची परवानगी, म्हणजे ‘लाइन क्लिअर’, घ्यावी लागते. विचारणा केव्हा झाली, परवानगी केव्हा मिळाली, गाडी केव्हा सुटली, केव्हा पोहोचली, हे दोन्ही स्टेशनांवरच्या गाडी-नोंदवहीत मिनिटानिशी लिहिले जाते. संदेशाची खातरजमा करण्यासाठी खासगी क्रमांक दिला-घेतला जातो आणि तोही वहीत चढतो.

पटवाऱ्याच्या दप्तराशी तुलना केली की या वहीचे वेगळेपण कळते. येथे एकाच घटनेची नोंद दोन ठिकाणी, दोन माणसांच्या हातून, जवळपास एकाच क्षणी होते. एकाला ती मागाहून बदलता येत नाही, कारण दुसऱ्याच्या वहीशी ती पडताळता येते. पाळी संपली की पुढचा मास्तर तीच वही पुढे चालवतो. वही माणसाची नसते, स्टेशनची असते. नियंत्रण कक्षातील कर्मचारी सगळ्या स्टेशनांची माहिती घेऊन वेळ आणि अंतर यांच्या आलेखावर गाड्यांच्या रेषा काढत. कोणत्या गाडीला कुठे थांबवून कोणती पुढे काढायची हे त्या एका कागदावर दिसे. आता हा आलेख संगणकावर तयार होतो. निजाम सरकारने 1930मध्ये ही रेल्वे ताब्यात घेतली, स्वातंत्र्यानंतर ती भारतीय रेल्वेत आली, 1966मध्ये दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाली आणि 1990च्या दशकात मार्ग ब्रॉडगेज झाला. मालक बदलले, रूळ बदलले, पण दोन्ही टोकांना एकच नोंद ठेवण्याचे तत्त्व कायम राहिले. दूरवरच्या माणसांनी एकाच सामाईक नोंदीवर काम करण्याचे या पट्ट्यातील हे सर्वांत शिस्तबद्ध असे पूर्वोदाहरण आहे.

खासरा पत्रक ते सातबारा

सप्टेंबर 1948मध्ये हैदराबाद राज्य भारतात विलीन झाले. त्यानंतरच्या सहा-सात वर्षांत जमिनीच्या दप्तराची उलथापालथ झाली. 1949मध्ये जहागिरी रद्द झाल्या. 1950चा हैदराबाद कूळ कायदा आला आणि कसणाऱ्याचे नाव नोंदणे ही हक्काची बाब झाली. 1954-55मध्ये खासरा पत्रक तयार झाले. कोणत्या सर्व्हे नंबरवर कोणाचा हक्क आणि प्रत्यक्ष ताबा कोणाचा, हे त्यात गावोगाव नोंदले गेले. जमिनीच्या इतिहासाचा शोध घेताना मराठवाड्यातील वकील अजूनही प्रथम खासरा पत्रकाची नक्कल मागतात. इनामी जमिनींसाठी मुंतखब, म्हणजे इनामाचा दस्त, पाहिला जातो. पश्चिम महाराष्ट्रातील जमिनीच्या प्रकरणात हे दोन शब्द सहसा भेटत नाहीत. पिंगळीसारख्या गावाचे दप्तर म्हणूनच साताऱ्या-पुण्याच्या दप्तराहून वेगळ्या वाटेने घडलेले आहे.

1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात. राज्याच्या वेगवेगळ्या भागांतील पद्धती एक करणारा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966चा. तो 15 ऑगस्ट 1967पासून लागू झाला. वंशपरंपरेच्या पटवाऱ्याची जागा बदली होणाऱ्या तलाठ्याने घेतली. तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुना 1 ते 21 अशी नोंदवह्यांची मांडणी स्थिरावली. अँडरसन या अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यासाठी तयार केलेली महसुली हिशेबाची पुस्तिका या मांडणीचा पाया होती. नमुना 1 म्हणजे आकारबंद, 6 म्हणजे फेरफार, 7 अधिकार अभिलेख, 12 पिकांची नोंदवही, 8-अ खातेदाराची खाते नोंद. सात आणि बारा एका कागदावर आले आणि ‘सातबारा’ हा शब्द घरोघर पोहोचला.

या साऱ्यांत कामाच्या व्यवस्थापनाच्या दृष्टीने सर्वांत विचारपूर्वक केलेली वही फेरफाराची आहे. जमीन विकली गेली, वारसा आला, बोजा चढला की आधी फेरफार क्रमांक पडतो. संबंधितांना नमुना 9ची नोटीस जाते. हरकतीला 15 दिवस मिळतात. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि त्यानंतरच सातबारावर बदल होतो. हरकत आली तर प्रकरण तक्रार नोंदीच्या वहीत जाते. जुनी नोंद पुसली जात नाही. ती कंसात राहते आणि तिच्यापुढे नव्या फेरफाराचा क्रमांक येतो. कोणी, केव्हा, कशाच्या आधारे बदल केला याची साखळी त्यामुळे मागे मागे जाऊन वाचता येते. क्लाउडवरील साधनांत बदलांचा इतिहास, टिप्पणीची मुदत आणि मंजुरीची पायरी ज्या कारणासाठी ठेवलेली असते, तेच कारण येथे होते.

दप्तर आता चावडीत किंवा सजाच्या, म्हणजे तलाठ्याच्या कार्यक्षेत्राच्या, कार्यालयात आले, भाषा मराठी आणि लिपी देवनागरी झाली. पाहण्याची मुभा कायद्याने सर्वांना मिळाली. प्रत्यक्षात मात्र ती तलाठी भेटण्यावर अवलंबून राहिली. एका सजात अनेक गावे, तलाठी तालुक्याला बैठकीला गेलेला, आणि उतारा हवा असलेला माणूस ओट्यावर बसून, हे दृश्य पुढची चाळीस वर्षे बदलले नाही. मूळ प्रतही एकच होती. ती वाळवी, पाणी किंवा आग यांच्या तोंडी पडली तर पर्याय नव्हता.

हजेरीपट आणि ग्रामपंचायतीचे नमुने

महसुली दप्तर जे घडले त्याची नोंद ठेवते. जे घडवायचे आहे त्याची नोंद ग्रामपंचायतीमुळे आली. 1958चा ग्रामपंचायत अधिनियम आणि 1 मे 1962 रोजी अस्तित्वात आलेल्या जिल्हा परिषदा यांनी गावाला अंदाजपत्रक, ठराव आणि विकासकाम दिले. ग्रामसेवक हा दुसरा लिहिणारा गावात आला. त्याच्या वह्या वेगळ्या, साहेब वेगळा, आणि तलाठ्याच्या दप्तराशी त्यांचा धागा क्वचितच जुळलेला. 2011च्या लेखा संहितेने ग्रामपंचायतीसाठी नमुना 1 ते 33 ठरवून दिले. त्यातला नमुना 8 म्हणजे कर आकारणीची नोंदवही; गावठाणातील घराचा तोच रोजचा पुरावा ठरला.

1972चा दुष्काळ मराठवाड्याने सोसला. त्यातून रोजगार हमी योजना राज्यभर विस्तारली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली ही योजना 1977च्या कायद्याने हक्क झाली आणि हा कायदा 26 जानेवारी 1979पासून अमलात आला. तिने गावाला हजेरीपट दिला. बंधारा, रस्ता, पाझर तलाव अशा कामाला आधी तांत्रिक मान्यता, मग प्रशासकीय मान्यता, मग मजुरांची मागणी, मग हजेरीपट, मोजमाप पुस्तिका आणि शेवटी मजुरी, अशी साखळी असे. शेकडो माणसांचे, आठवड्याच्या मुदतीचे आणि मोजमापावर पैसे ठरणारे हे काम म्हणजे ग्रामीण महाराष्ट्राने पाहिलेले सर्वांत मोठे प्रकल्प-व्यवस्थापन होते, आणि ते सारे कागदावर चालले. त्यातील गैरप्रकारही कागदातूनच वाढले. खोटी नावे चढलेला हजेरीपट तालुक्याला पोहोचेपर्यंत काम संपलेले असे आणि मजूर पांगलेले असत.

संगणक, सर्व्हर, क्लाउड

केंद्राच्या 2005च्या रोजगार हमी कायद्याची अंमलबजावणी 2 फेब्रुवारी 2006पासून सुरू झाली आणि हजेरीपट हळूहळू संकेतस्थळावर आला. मजुराचे नाव, दिवस आणि मजुरी कोणालाही पाहता येऊ लागली. 1 जानेवारी 2023पासून कामाच्या जागेवरून दिवसातून दोनदा छायाचित्रासह हजेरी मोबाइल अॅपवर भरणे सक्तीचे झाले. खोट्या हजेरीला त्याने काही प्रमाणात आळा बसला. उलट, रेंज नसली किंवा छायाचित्र चढले नाही तर खऱ्या मजुराचाही दिवस बुडू लागला.

ग्रामपंचायतींसाठी केंद्राने आधी नियोजनाला प्लॅनप्लस, प्रगतीला अॅक्शनसॉफ्ट आणि हिशेबाला प्रियासॉफ्ट अशी वेगवेगळी साधने दिली. महाराष्ट्रात 2011पासून ‘संग्राम’ प्रकल्पात गावोगाव संगणक आणि चालक आले. पुढे त्यांची जागा ‘आपले सरकार’ सेवा केंद्रांनी घेतली. एकच काम तीन ठिकाणी भरावे लागत असल्याने आकडे जुळत नसत. 24 एप्रिल 2020 रोजी, पंचायत राज दिनी, सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराजने हे तुकडे एकत्र केले. ग्रामसभेने मंजूर केलेला विकास आराखडा, त्यातील प्रत्येक काम, त्याची तरतूद, झालेली प्रगती आणि खर्च एका जागी आले. सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या डिजिटल स्वाक्षरीशिवाय पैसे जात नाहीत. पिंगळीच काय, देशातील कोणत्याही ग्रामपंचायतीचा आराखडा मुंबईत किंवा पुण्यात बसलेला गावकरीही पाहू शकतो.

महसूल खात्यात ई-फेरफार आले. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदले की त्याची माहिती तलाठ्याच्या लॉगिनवर जाते आणि नोटीस, हरकत व प्रमाणीकरण हे जुनेच टप्पे पडद्यावर पार पडतात. संगणकातील सातबारा हस्तलिखिताशी जुळतो की नाही हे पाहण्यासाठी 2017मध्ये गावोगाव चावडी वाचन झाले: सातबारे सर्वांसमोर वाचायचे आणि चुका सांगायच्या. 1 मे 2018पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. 15 ऑगस्ट 2021 रोजी राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीने त्याहून मोठा बदल केला. नमुना 12मधील पिकाची नोंद शतकभर पटवारी आणि तलाठी करत आले होते. आता शेतकरी स्वतः बांधावरून पिकाचे छायाचित्र घेऊन ती भरू लागला, आणि तलाठ्याकडे त्यातील 10 टक्के नोंदींची तपासणी राहिली. सोयाबीन, कापूस, तूर घेणाऱ्या परभणी जिल्ह्यात पीक विमा आणि अनुदान या नोंदीवर अवलंबून असल्याने तिचे महत्त्व लगेच कळले. 2024मध्ये तलाठ्याचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकाचे ग्रामपंचायत अधिकारी झाले.

ही सारी माहिती ठेवायची कुठे, हा प्रश्न 21 जून 2012च्या मंत्रालयाच्या आगीने ऐरणीवर आणला. असंख्य फायली जळाल्या. केंद्राने 4 फेब्रुवारी 2014 रोजी ‘मेघराज’ या सरकारी क्लाउडअंतर्गत सेवा सुरू केली, आणि जानेवारी 2018मध्ये महाराष्ट्राने सार्वजनिक क्लाउड वापराचे धोरण जाहीर केले. क्लाउडमध्ये माहिती एका यंत्रावर अडकून राहत नाही. ती दूरच्या माहिती केंद्रांत एकाहून अधिक प्रतींत राहते, गरजेप्रमाणे जागा आणि ताकद वाढवता येते, आणि वापरणाऱ्याला फक्त जोडणी लागते. जोडणी तुटली किंवा सर्व्हर मंदावला की मात्र सारेच थांबते. रात्री उशिरा वेग मिळतो म्हणून तेव्हा नोंदी करत बसलेले तलाठी ही त्या वर्षांतली नेहमीची तक्रार होती.

साधनांची तुलना

उद्योगजगातील साधनांचा वंश वेगळा आहे. हेन्री गँट या अमेरिकी अभियंत्याचा आडव्या पट्ट्यांचा तक्ता 1910च्या दशकात रूढ झाला. 1950च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पात कामांच्या परस्परावलंबनाचे जाळे मांडणारी पर्ट पद्धत आली. जपानच्या टोयोटा कारखान्यात ताइची ओनो यांनी कानबान चिठ्ठ्या वापरात आणल्या. आजची साधने यांतूनच निघाली: 2002चे जिरा, 2004चे बेसकँप, 2006चे झोहो प्रोजेक्ट्स, 2011चे ट्रेलो. ट्रेलोत काम म्हणजे पत्ता, आणि तो ‘करायचे’, ‘चालू’, ‘झाले’ या रकान्यांतून सरकतो. लहान गटाला ते तासाभरात जमते, पण एक काम दुसऱ्यावर अवलंबून असेल तर तेथे गोंधळ होतो. जिरात प्रत्येक पायरीला नियम आणि मंजुरी लावता येते. सॉफ्टवेअर करणाऱ्यांना ते सोयीचे, इतरांना जड. झोहो प्रोजेक्ट्समध्ये गँटचा तक्ता आणि मुदतींचे परस्परावलंबन आहे. बेसकँपचा भर चर्चा आणि कामाच्या याद्यांवर आहे.

सरकारी साधनांशी यांची तुलना केली की फरक चटकन दिसतो. ई-ग्रामस्वराज आणि ई-फेरफार यांत पायऱ्या कायद्याने ठरलेल्या आहेत, त्या गावाला बदलता येत नाहीत. त्या बदल्यात नोंदीला कायदेशीर वजन आहे आणि ती जनतेला खुली आहे. ट्रेलो किंवा झोहोत गट आपल्या सोयीने रकाने मांडतो, पण ती नोंद गटाबाहेर कोणाला दिसत नाही आणि वर्गणी थांबली की तिचे भवितव्य कंपनीच्या अटींवर ठरते. शेतकरी उत्पादक कंपनीला माल खरेदी, प्रतवारी, गोदाम आणि वाहतूक यांची आखणी करायची असेल तर खासगी साधन उपयोगी. पंचायतीच्या निधीतून होणाऱ्या कामाला ते पुरेसे नाही.

2018मध्ये सुरू झालेला नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प या दोन्हींच्या मधला आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या या प्रकल्पात परभणीसह मराठवाड्याचे आठही जिल्हे होते. गावाने सूक्ष्म नियोजन करायचे, ग्राम कृषी संजीवनी समितीने अर्जाला मान्यता द्यायची, आणि पूर्वसंमती, स्थळपाहणी, अनुदान हे टप्पे संकेतस्थळावर दिसायचे, अशी त्याची रचना. अर्ज कोणत्या टेबलावर थांबला आहे हे शेतकऱ्याला प्रथमच घरबसल्या पाहता आले.

खेड्यातील रोजच्या कामाला यांपैकी काहीच फारसे वापरले जात नाही. तेथे व्हॉट्सअॅपचा गट आहे. तो सर्वांना येतो, कमी रेंजमध्येही चालतो, बोलून निरोप टाकता येतो. पण त्यात काम कोणाकडे आणि मुदत कोणती हे ठरत नाही, आणि चार दिवसांपूर्वीचा निर्णय शुभेच्छांच्या गर्दीत हरवतो. दवंडीचे काम तो उत्तम करतो, दप्तराचे करू शकत नाही.

तीन प्रश्नांवर हिशेब मांडला तर निष्कर्ष असा निघतो. लिहिण्याचा अधिकार कुलकर्णी-पटवाऱ्याकडून पगारी तलाठ्याकडे आणि पिकाच्या बाबतीत थेट शेतकऱ्याकडे आला. पाहण्याची मुभा गोतसभेनंतर आक्रसली होती, ती आता कधी नव्हे इतकी रुंदावली आहे. मूळ प्रत मात्र गावापासून दूर गेली: पटवाऱ्याच्या घरून सजात, सजातून तहसिलीत, तेथून माहिती केंद्रात. दूर गेल्याने ती सुरक्षित झाली, पण गावात वीज आणि जोडणी नसेल त्या दिवशी ती गावाच्या हाती नसते. पिंगळीसारख्या गावासाठी साधन निवडताना म्हणून पहिली कसोटी जोडणीशिवाय काम चालते की नाही ही, दुसरी फेरफाराच्या वहीप्रमाणे जुनी नोंद जपली जाते की नाही ही, आणि तिसरी ती गावकऱ्याला त्याच्या भाषेत वाचता येते की नाही ही असली पाहिजे. पडद्यावरची मांडणी, रंग आणि आलेख यांचा विचार त्यानंतर.